बसून सात

बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाकडे स्वतःची गाडी नसावी, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. हलवायाच्या कारागिराला गोड वर्ज्य असतं आणि वधूवर सूचक मंडळाच्या चिटणीसांचा मुलगा पस्तिशीला टेकलेला असतो, त्यातलाच हा प्रकार. गेली नऊ वर्षं मी जळगावच्या एका शाखेत लोकांच्या गाड्यांची प्रकरणं करतो. कोटेशन घ्यायचं, पगारपत्रक नाहीतर सातबारा बघायचा, मार्जिन भरून घ्यायचं, विम्याची प्रत लावायची आणि आरसीवर बँकेचा बोजा चढला की फाइल कपाटात टाकायची. माझ्या हातून शेकडो गाड्या रस्त्यावर गेल्या. (सही साहेबांची असते. माझं फक्त इनिशियल असतं, कोंबडीने चिखलात पाय दिल्यासारखं. पण ते नसलं तर साहेब सही करत नाहीत.) मी स्वतः मात्र स्कूटरवरून येतो आणि ती एखाद्या कर्जदाराच्या गाडीच्या सावलीत लावतो.

त्यामुळे घरात गाडी घ्यायचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलं, की मला गाडीतलं कळतं. मला गाडीतलं काही कळत नाही. मला गाडीच्या कागदांतलं कळतं. कुणी बोनेट उघडून दाखवलं, तर मी 'वा!' म्हणतो आणि चासिस नंबर शोधू लागतो.

विषय काढला आमच्या चिरंजीवांनी. ते सातवीत आहेत. त्यांनी मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी कुटुंबाला गाडीच्या टपावर तंबू ठोकून बर्फात झोपलेलं पाहिलं होतं.

"पप्पा, आपण पण अ‍ॅडव्हेंचर ट्रिप करू ना!"

आता जळगावच्या माणसाने साहसासाठी बाहेरगावी कशाला जावं, तुम्हीच सांगा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना दुपारी दोन वाजता भुसावळला लग्नाला जाऊन, जेवून, आहेर देऊन परत आलेला माणूस हिमालयात काय नवीन करणार आहे? चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट आहे. त्यात उसाच्या ट्रकमागे अडकून ज्याने एक रात्र काढली, त्याला तंबूची गरज राहत नाही. पण सातवीतल्या मुलाला हे पटत नाही.

त्यात आमचे वडील, नाना, यांनी तोंड घातलं. नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. "सातपुड्यात घाट चढायचा, पावसात, वायपर बंद, एक बाजू दरी," नाना म्हणाले, "याला तुम्ही अ‍ॅडव्हेंचर म्हणता. आम्हाला त्याचा पगार मिळायचा."

"मग तिथेच जाऊ! कुठे ते?"

"तोरणमाळ."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. तोरणमाळ म्हणजे आमच्या खानदेशचं महाबळेश्वर. शहाद्याच्या उत्तरेला सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर. वर मोठा यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचं देऊळ आणि दिवाळीच्या सुमाराला सीताफळं. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण १९९८ पर्यंत तो जिल्हाच नव्हता, सगळं धुळ्यात. नाना सहा वर्षं शहादा डेपोला होते, तेव्हा तोरणमाळची मुक्कामी गाडी त्यांच्याकडे असायची. संध्याकाळी खालून निघायची, रात्री वर मुक्काम करायचा आणि पहाटे परत. आमच्या लहानपणी नाना तिकडून सीताफळं आणायचे, मध आणायचे आणि थंडीच्या गोष्टी आणायचे.

आणि माझी आई तोरणमाळला एकदाही गेलेली नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गॅस संपलेला असतो तसं ते ठाऊक होतं, म्हणजे कुणीतरी मोठ्याने म्हणेपर्यंत लक्षात येत नाही. ते मोठ्याने म्हटलं फुईने. (फुई म्हणजे आत्या. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितलं.) फुई गेली बारा वर्षं आमच्याकडेच असते आणि तिला दर विषयात एकच वाक्य बोलायचं असतं, पण ते नेमकं असतं.

"नवरा रोज जायचा, बायकोनं डोंगर नाही पाहिला," फुई म्हणाली आणि वातींचा कापूस पुढे ओढला.

आईने लगेच स्वतःची बाजू मांडली. आईचं माहेर धुळ्याकडचं आणि बाजू मांडायची झाली की ती अहिराणीत मांडते. "मी घरच ऱ्हासू. तुम्ही जाई या. घर कोन देखी?"

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलो आहे. अजिंठा आमच्यापासून साठ किलोमीटर, तिथे सगळे जाऊन आले, आई घरी. पाटणादेवीला गेलो, तेव्हा आईने दशम्या बांधून दिल्या. घर बघायला लागतं हे खरं, पण आमच्या घरात चोराने न्यावं असं काही असतं तर मी स्कूटरवर कशाला फिरलो असतो?

तेव्हा ठरलं. गाडी घ्यायची आणि त्यात सात माणसं बसायची. नाना, आई, फुई, मी, सौभाग्यवती, अकरावीतली कन्या आणि तंबूवाले चिरंजीव.

खानदेशात 'गाडीत किती माणसं बसतात' हा प्रश्न मुळात चुकीचा समजला जातो. गाडीत माणसं बसत नाहीत, बसवली जातात. बैलगाडीच्या काळापासून हे चालू आहे. मग आली मॅटाडोर. १९६९ साली पुण्याच्या बजाज टेम्पोने जर्मन बनावटीवरून काढलेली ही गाडी आमच्याकडे 'म्याटाडोर' झाली आणि अख्खीच्या अख्खी वऱ्हाडं तिने वाहिली. मॅटाडोर म्हणजे बैलांशी झुंजणारा स्पॅनिश वीर, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. तोपर्यंत मला ते कांद्याच्या पोत्याचं माप वाटायचं. त्यानंतर काळीपिवळी जीप. धुळ्याच्या स्टँडबाहेर काळीपिवळीवाला दाराला लोंबकळत ओरडायचा, "बठा ना दादा, अजून दोन बठतीन!" आत अगोदरच चौदा असायचे. त्या दोघांनंतर तो पुन्हा तेच ओरडायचा. गाडी भरली हे प्रवाशाने ठरवायचं नसतं, डायव्हरचा स्वतःचा एक पाय बाहेर गेला की ती भरली.

१९९४ मध्ये टाटांची सुमो आली आणि खानदेशातल्या लग्नांचा दर्जा वाढला. आमच्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं, की ते नाव जपानी पहिलवानांवरून पडलं. ते पडलं सुमंत मुळगावकरांवरून. 'सु' आणि 'मु', त्याचं झालं सुमो. टेल्कोला आकार देणारा एक मराठी इंजिनिअर खानदेशच्या प्रत्येक वरातीत हजर होता आणि वऱ्हाड त्याला पहिलवान समजत होतं. सुमोचं उत्पादन २०१९ साली थांबलं. मारुतीची ओम्नीही त्याच साली गेली. ती १९८४ पासून होती. मधल्या काळात क्वालिस आली आणि पाच वर्षांत गेलीसुद्धा, मग इनोव्हा आली, पण इनोव्हा ही आपण घ्यायची गाडी नसून आपल्याकडे आलेल्या पाहुण्यांची गाडी असते.

ही सगळी माहिती मी जमवली आणि चिरंजीवांच्या तंबूचाही शोध घेतला. गाडीत घर करून हिंडण्याची ही हौस जुनी आहे. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनने एक पेटीसारखी गाडी काढली, ती ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत बनत होती. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली लांब केसांची तरुण पोरं तसल्या गाड्यांत चूल, बिछाना आणि गिटार टाकून थेट हिंदुस्थानपर्यंत यायची. नाना म्हणतात, तरुणपणी धुळ्याला आग्रा रोडवर त्यांनी अशी एक गाडी पाहिली होती. आत पडदे होते, बाहेर फुलं रंगवली होती. नानांनी आत डोकावून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सीटा किती?" उत्तर मिळालं नाही. कुणी झोपलेलं होतं.

असो. शोरूम्सकडे वळू.

आमच्या शोधाची बातमी फुटताच सल्ले सुरू झाले. धुळ्याहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, डोळे झाकून बोलेरो घ्या." केळीवाल्या खातेदाराने, जो रावेरहून येतो, तेच सांगितलं, फक्त डोळे उघडे ठेवून. शेजारचे म्हणाले, दोन वर्षं थांबा, सगळं विजेवर येणार आहे. आमच्या हेडकॅशियरचं मत पडलं, की गाडी घेणं हा मूर्खपणा असून शहाणा माणूस भाड्याने करतो. त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत.

पहिल्या रविवारी आम्ही सातहीजण शोरूमला गेलो. सेल्समन पोरगा चांगला होता. तो माझ्याशी मायलेजबद्दल बोलू लागला तोवर नाना थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसले. एसटीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला पुढची सीट दिसतच नाही. तिथून त्यांनी आवाज दिला, "इथे पाय कुठे ठेवायचे?"

"काका, तिसरी रांग लहान मुलांसाठी असते."

"मग पाच-दोन म्हणा. सात कशाला लिहिता? आमच्या गाडीत पाटीवर जेवढे लिहिलेले तेवढे मोठे बसायचे. बसून चव्वेचाळीस, उभे अकरा."

बोलेरोत मात्र नाना रमले. तिच्या मागच्या भागात दोन सीटा समोरासमोर असतात, थेट काळीपिवळीची आठवण. "पॅसेंजर समोर दिसतो," नाना म्हणाले. कन्येचा त्याला विरोध होता. तिला ईकोही चालत नव्हती, कारण ईकोतून ती पहिली ते पाचवी शाळेत गेली होती आणि अकरावीत पुन्हा त्यात बसणं म्हणजे, तिच्या मते, नापास होणं.

यानंतर मी माझ्या शास्त्राकडे वळलो. कॉमर्सच्या माणसाला गाडी कळत नसली तरी माहितीपत्रक कळतं. सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात 'लहान गाडी'ची व्याख्या केली : लांबी चार हजार मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंत, डिझेल पंधराशेपर्यंत. अशा गाडीला कर कमी. तेव्हापासून देशातल्या गाड्या चार मीटरच्या खुंटाला बांधल्यासारख्या वाढतात. बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर. ट्रायबरचीही चार मीटरच्या किंचित आत. मोजके मिलिमीटर हातचे राखून थांबलेल्या! मला तर या आकड्यांत एखादा जातिवंत करसल्लागारच दिसतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची नवी घडी बसली, त्यात या आखूड गाड्यांना १८ टक्के आणि लांबोड्यांना ४०. एर्टिगाची लांबी ४४३५. म्हणजे चारशेहून थोडे जास्त मिलिमीटर, आमच्या फुईच्या हाताने पावणेदोन वीत, तेवढ्यासाठी दुपटीहून जास्त दराने कर.

पण तेवढ्या मिलिमीटरांत काय जातं, हेही मी पाहिलं. सातही सीटा उभ्या असताना ट्रायबरची डिकी ८४ लिटर. आमच्या न्हाणीघरातला पिंप शंभराचा आहे. ८४ भागिले सात, माणशी बारा लिटर. एर्टिगाची २०९ लिटर, म्हणजे माणशी तीस. मी हा तक्ता घरात वाचून दाखवला. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारलं, "अहो, फुईंची चटयांची पिशवी किती लिटर?"

सात माणसं बसली की सामान बसत नाही आणि सामान बसलं की सात माणसं बसत नाहीत. आपल्याकडच्या सात-आसनी गाड्यांचं हे मर्म मी चार रविवारांत शिकलो. यावर टपावरचं कॅरिअर हा उपाय असतो. चिरंजीवांना तिथे तंबू हवा होता, तो प्रश्न निराळा.

मग मी भाड्याचा हिशोब केला, कारण हेडकॅशियर काहीही असोत, त्यांची बेरीज चुकत नाही. आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्के, सात वर्षं. हप्ता १२,८७१ रुपये. चौऱ्याऐंशी हप्त्यांत व्याजच होतं दोन लाख एक्याऐंशी हजार. वर्षाला दोन सहली धरल्या तर सात वर्षांत चौदा. म्हणजे एका सहलीमागे नुसतं व्याज वीस हजार! आणि तोरणमाळ जाऊन-येऊन साधारण चारशे किलोमीटर, स्टँडवरचा गाडीवाला डायव्हरच्या भत्त्यासकट सात हजारांत नेऊन आणतो म्हणाला. मी त्या कागदाखाली दुहेरी रेघ मारली. आमच्या धंद्यात दुहेरी रेघ मारली की वाद संपतो.

"मग भाड्याचीच करू," मी म्हणालो.

"करा," सौभाग्यवती म्हणाल्या. "मग सहाचीच करा. आई येणार नाहीत."

"घर बघायला हवं म्हणून?"

त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं. बाहेर आई आणि फुई मालिका बघत होत्या. "तुमच्या लक्षात नाही आलं कधी?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुठे जायचं असलं ना, की आई आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. नाशिकला लग्नाला गेलो तेव्हा भर उन्हाळा होता. दिवसभर घोटभर नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, परक्या डायव्हरला 'थांबव रे बाबा' कसं म्हणायचं? एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तो आरशातून बघतो. आणि तासभर बसलं की गुडघा धरतो, उतरून चार पावलं टाकावी लागतात. हे सगळं सांगण्यापेक्षा घर बघितलेलं बरं वाटतं त्यांना."

मी दुहेरी रेघेकडे बघत बसलो. त्या कागदावर डिझेल होतं, टोल होता, भत्ता होता. आरशातून बघणाऱ्या डायव्हरसाठी मात्र रकाना नव्हता.

पुढच्या रविवारी सौभाग्यवतींनी सूत्रं हातात घेतली. (गाडी चालवायला त्याच शिकल्या आहेत. मीही क्लास लावला होता, पण शिकवणाऱ्याने आठव्या दिवशी माझ्याकडे वाहनकर्जाची चौकशी सुरू केली आणि आम्ही दोघंही रस्त्याकडे बघेनासे झालो.) त्यांनी आईला सांगितलं, की शोरूममध्ये नुसता चहा प्यायला जायचंय. तिथे प्रत्येक गाडीचं पुढचं दार उघडायचं आणि आईला म्हणायचं, "बसून बघा ना जरा." बोलेरोची पायरी उंच पडली, आईने नऊवारीचा ओचा सावरला आणि "राहू दे" म्हणून मागे फिरली. नाना खट्टू झाले. दुसऱ्या एका गाडीत ती सहज बसली, पण उतरताना बाहेर खेचावं लागलं. तिसरीत मात्र ती कुणाचा हात न धरता बसली आणि कुणाचा हात न धरता उतरली. परत बसली. परत उतरली. मग पुन्हा बसून तिने समोरच्या काचेतून शोरूमच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. आयुष्यात ती पहिल्यांदा गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. आजवर लग्नाच्या सुमोत तिची जागा ठरलेली असे, मधल्या रांगेत मधोमध, मांडीवर डबे.

मग तिने सेल्समनला जवळ बोलावून विचारलं, "बाबा, ही कोठे बी थांबस का?"

पोरगा खुलला. त्याने सांगायला सुरुवात केली, मावशी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, एबीएस आहे, ओल्या रस्त्यावरसुद्धा गाडी घसरत नाही, शंभरच्या स्पीडला असली तरी… आई ते सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने सौभाग्यवतींकडे बघितलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "हो आई, कुठेही थांबते. मीच चालवणार आहे."

तिथेच गाडी ठरली. कोणती ते सांगत नाही. माझ्या टेबलावर सगळ्याच कंपन्यांची कोटेशनं येतात, उगाच पक्षपाताचा आरोप नको. डिकी किती लिटरची ते मी विचारलं नाही. प्रकरण दुसऱ्या टेबलावरून करून घेतलं, कारण स्वतःच्या कर्जावर स्वतःचं इनिशियल चालत नाही. हेडकॅशियरांनी पेढा खाल्ला आणि मूर्खपणा हा शब्द पुन्हा एकदा, पण गोड तोंडाने उच्चारला.

दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही निघालो. मांडणी अशी : सुकाणूवर सौभाग्यवती, शेजारी आई. मधल्या रांगेत नाना, फुई, कन्या. शेवटच्या रांगेत चिरंजीव आणि मी, गुडघे हनुवटीला, कारण तिसरी रांग लहान मुलांसाठी असते आणि बँकेच्या लोकांनी करारातल्या अटी पाळाव्यात. टपावर कॅरिअर, त्यात चटया आणि वापरायचा नाही या अटीवर घेतलेला तंबू. निघताना नानांनी बोटातली अंगठी काचेवर दोनदा वाजवली. एसटीच्या भाषेत डबल बेल, म्हणजे चला.

चोपड्याच्या आत आपण चार वेळा थांबलो. पहिल्यांदा आई खूप चाचरत म्हणाली. दुसऱ्यांदा नुसता हात वर केला. तिसऱ्यांदा तिला काही नको होतं, एका शेताच्या बांधावर बोरं दिसली होती. चौथ्यांदा एका बाईने भरताची वांगी मांडली होती, ती हिरवट-पांढरी, वांग्यापेक्षा दुधी भोपळ्याला जवळची, जिला जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आईने ते मानांकन न बघता दहा रुपये कमी केले. सकाळपासून तिने पाण्याची एक बाटली संपवली होती, हे सौभाग्यवतींनी आरशातून डोळ्यांनीच मला दाखवलं. म्हणजे आरशातून बघणारा डायव्हर आम्हालाही होताच.

शिरपूर, शहादा, आणि मग डोंगर. घाट लागला तसे नाना सावरून बसले. इथे ब्रेक तापायचे, त्या वळणावर एकदा पाट्या तुटल्या होत्या, असं ते सांगत राहिले. चिरंजीवांनी खिडकीतून खाली बघितलं आणि अ‍ॅडव्हेंचर हा शब्द दिवसभर पुन्हा काढला नाही. वर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. यशवंत तलावाच्या काठाला गाडी लावली, आई उतरली, चार पावलं चालली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली.

"एवढा मोठा शे," ती म्हणाली. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

नाना काही बोलले नाहीत. ते इकडे तिकडे बघत होते, हरवलेल्या माणसासारखे. मी विचारलं, "काय झालं नाना?"

"गाडी वर यायची तेव्हा अंधार पडलेला असायचा," नाना म्हणाले. "हिशोब लिहायचा, जेवायचं, झोपायचं. पहाटे पाचला परत डबल बेल. तेव्हाही अंधारच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सहा वर्षं आलो. मला वाटलं होतं, तळं अजून तिकडे आहे, त्या बाजूला."

"म्हणजे तुम्ही पण नाही पाहिलं?" फुईने विचारलं. दिवसातलं तिचं वाक्य तिने त्यावर खर्च केलं.

मग ती दोघं, नाना आणि आई, तलावाच्या कडेने हळूहळू पुढे गेली. तासाभराने आई एकटीच बोलत परत आली, नाना मागून सीताफळांची पाटी घेऊन. तिने विकणाऱ्या बाईकडून भाव काढला होता आणि नानांनी त्या काळी मोजलेले पैसे पाटीमागे किती जास्त होते, हे आता एवढ्या वर्षांनी सिद्ध झालं होतं. नाना म्हणत होते, अंधारात काय दिसतंय, देतील ते घ्यायचो.

डिकीत वांगी होती. कॅरिअरवर तंबू होता, जो चिरंजीव खाली उतरवू देईनात. आईने पुढच्या सीटवर बसून पट्टा लावून घेतला, मोकळ्या मांडीवर पदर नीट केला आणि मागे न बघता सांगितलं, "पाटी मागे द्या."

पाटी नानांकडून फुईकडे, फुईकडून कन्येकडे आणि तिथून तिसऱ्या रांगेत आली. मी म्हणालो, इथे आता टाचणी मावत नाही.

"उभे अकरा चालतात," नाना म्हणाले आणि त्यांनी काचेवर दोनदा अंगठी वाजवली.